सकाळी दहा वाजता त्याला माहीत होतं

माझ्यासमोर कुणी त्या माणसाला चांगला म्हटलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. गावात असं म्हणणारे बरेच आहेत. त्याने आधी येऊन सांगितलं म्हणून तुम्ही वाचलात, असं ते मला ऐकवतात. मी पहिल्यापासून सांगायला लागले की त्यांना नेमकं कुठेतरी जायचं असतं. म्हणून लिहून ठेवते आहे.

आमचं गाव देवगाव फाट्यावरून पायी दीडेक तासावर. वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि गावही तोंडावर तरी गुरुजीच म्हणायचं. दादा निजामी काळात उर्दूतून शिकले होते, पुढे मराठी शाळेत लागले, आणि छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव त्यांनी ओढ्यात सोडले. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे होती. ज्याला चांगला म्हणतात तो वरच्या आळीतला, गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. दादांच्याच हाताखाली शिकला. माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. मी परभणीला कॉलेजात गेले तेव्हा तो तिथे आधीच नावाजलेला होता.

नावाजलेला म्हणजे काय, तर त्याने दाढी वाढवली होती, खांद्याला झोळी होती आणि त्याने आडनाव टाकलं होतं. आम्ही सात-आठ जण होतो. स्टेशनजवळ आमच्यातल्या एका तरुण प्राध्यापकाची खोली होती, तिथे जमायचो. सायक्लोस्टाइल मशीनवर एक अंक काढायचो. त्याला ना ठरलेली तारीख होती, ना ठरलेली पानं. जात मोडायची, लग्नाचे विधी मोडायचे, घरच्या जमिनी वाटून टाकायच्या, हे सगळं आम्ही त्या खोलीत चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं. आडनाव आम्ही सगळ्यांनीच टाकलं. माझं टाकल्याचं कुणाला कळलंही नाही. त्याचं टाकणं मात्र परभणीभर झालं. लोक त्याला बघायला यायचे. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मीही त्याच्याकडे बघतच होते.

तो सुट्टीत आमच्या घरी यायचा. माझ्या आईला, मायला, तोही मायच म्हणायचा. चुलीपुढे बसून भाकरी खायचा, ताट स्वतः धुवायचा. माय आधी संकोचायची, मग तिला सवय झाली. दुष्काळाच्या साली आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांना कविता वाचून दाखवायला गेलो होतो. आमच्या शेजारची मावशी त्या कामावर होती. नवरा गेलेला, एक लहान मुलगी आणि दोन शेळ्या एवढा तिचा संसार. तो तिच्यासमोर उभा राहून वाचायला लागला. तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "वाच की. पर जरा बाजूला हो, तुजी सावली खडीवर पडायलीय, मला दिसंना." आम्ही पोट धरून हसलो. त्यानेही ती गोष्ट पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली.

दुष्काळ सरल्यावर आम्ही आमच्याच गावात पाणी काढायचं ठरवलं. वरच्या आळीची विहीर आम्हाला बंद होती. आम्ही वस्तीतल्या बायांना घेऊन विहिरीवर गेलो. त्याने स्वतः पोहरा सोडला, ओढला आणि पहिलं पाणी माझ्या ओंजळीत घातलं. वरची माणसं ओट्यावर उभी होती. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण पोहरा ज्याच्या हातात होता तो त्यांचाच पोरगा होता. आम्ही घोषणा दिल्या, आणि संध्याकाळच्या एसटीने परभणीला परतलो. अंकात त्याने त्यावर चार पानं लिहिली.

दोन महिन्यांनी मी घरी आले तेव्हा कळलं की आम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वस्तीला काम बंद होतं. निंदणीला बाया परगावाहून आणल्या होत्या. किराणा मिळत नव्हता, दळण दळून मिळत नव्हतं. विहिरीवर तर कुणी फिरकलंच नव्हतं. मी मायला विचारलं, कळवलं का नाही. ती म्हणाली, "तुमी पानी काढलं अन् परभनीला गेलात. आमी हितंच हाव."

मी हे त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. घरी जाऊन बापाशी भांडतो म्हणाला. गेला की नाही, मला माहीत नाही. आणीबाणीत त्याला आणि त्या प्राध्यापकाला काही महिने तुरुंगात ठेवलं. सुटून आले तेव्हा स्टेशनवर हार घेऊन गर्दी होती, त्या गर्दीत मीही होते. मला तोवर जिंतूर तालुक्यात शिक्षिकेची नोकरी लागली होती. तो शेती बघायला गावी परतला. वडील थकलेत, तात्पुरतं आलोय, असं त्याने मला पत्रात लिहिलं होतं. त्याने मोटारसायकल घेतली. दाढी ठेवली होती.

मग ठराव झाला. ज्या माणसामुळे आमच्या घरात पुस्तक आलं, त्या माणसाचं नाव मराठवाड्याच्या विद्यापीठाला द्यायचं, एवढाच तो ठराव. मुंबईत सभागृहाने तो केला आणि इकडे आठवडाभरात रस्ते पेटले. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, ज्यांच्या घरातला एकही पोरगा मॅट्रिकच्या पुढे गेला नव्हता, त्यांना अचानक विद्यापीठाच्या इज्जतीची चिंता पडली. एसटी बंद झाल्या, शाळा बंद झाल्या. मी जिंतूरहून एका ट्रकमध्ये बसून फाट्यापर्यंत आले आणि तिथून चिखल तुडवत घरी पोचले. आजूबाजूच्या गावांतून बातम्या येतच होत्या. इकडे घरं जाळली, तिकडे बायांना ओढ्यातून पळावं लागलं. दादा म्हणायचे, आपल्या गावात असं व्हायचं नाही. इथली पोरं आपल्या हाताखालची आहेत.

मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. मोटारसायकल ओढ्याच्या पलीकडे लावून, मागच्या बाजूने आला. माय बाहेर भांडी घासत होती. तो आत आला तेव्हा मी घड्याळ बघितलं, कारण रेडिओवरच्या बातम्यांची वाट बघत होते. दहा वाजले होते. तो बसला नाही. दादांना म्हणाला, "गुरुजी, तुमी तिघं आज हितं थांबू नका. दुपारी कायतरी व्हनार हाय. बाजूच्या गावचे लोक बी यायलेत."

दादांनी विचारलं, "कोन व्हनार हायत त्यात?"

तो म्हणाला, "लय हायत."

"तुजा भाऊ हाय का?"

तो दाराकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तू फाट्यावर जा. गाडी आहे तुझ्याकडे. पोलिसांना सांग, ते सेलूला कळवतील." तो हो म्हणाला. अगदी स्पष्ट हो म्हणाला, मान हलवली आणि निघाला. जाताना मायला म्हणाला, "माय, कुनाला सांगू नको मी आलतो म्हनून."

दादांनी मात्र घराघरांत जाऊन सगळ्यांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला, कुणाचा नाही. जायचं कुठे हाही प्रश्न होताच. शेवटी म्हातारी माणसं, बाया, लेकरं अशी सगळी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर निघाली. तिथे झुडपं होती आणि वस्ती स्पष्ट दिसायची. बारा वाजले, एक वाजला. मी सारखी फाट्याकडच्या रस्त्याकडे बघत होते. पोलिसांची गाडी येईल, असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. पाऊस नव्हता, उघडीप होती. कापसाची खुरपणी सुरू होती त्या दिवसांत, पण शेतात एकही माणूस दिसत नव्हता.

तीनच्या सुमाराला ते आले. आधी आवाज आला, मग माणसं दिसली. हातात काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. एका ट्रॅक्टरवरही माणसं होती. पहिलं घर त्यांनी आमचं पेटवलं. दादांची पुस्तकं, उर्दू पुस्तकांची ती लोखंडी पेटी, भिंतीवरची तसबीर, मायची शिलाई मशीन, सगळं आत होतं. कुडाच्या आणि गवती छपराच्या घरांना जळायला फार वेळ लागत नाही. एकेक घर पेटताना टेकाडावर, ते घर जिचं असेल ती बाई तोंडात पदर कोंबून बसायची. कुणाला ओरडायचीही सोय नव्हती.

मावशीच्या शेळ्या दावणीला राहिल्या होत्या. घाईत तिने मुलीला उचललं आणि शेळ्या सोडायच्या राहिल्या. त्या ओरडायला लागल्या ते आम्हाला ऐकू येत होतं. मुलीला मायच्या मांडीवर ठेवून ती उठली. आम्ही तिला धरलं, मी स्वतः तिचा दंड धरला होता. तिने हिसका दिला आणि टेकाड उतरून पळत गेली. तिला वाटलं असेल, मागून जाऊन दावं कापीन आणि येईन. त्यांनी तिला पाहिलं. एका बाईला पंधरा-वीस माणसांनी घेरलं आणि काठ्या वर-खाली होताना आम्ही बघितल्या. दादा धावले. आमच्यातल्या चौघांनी त्यांना खाली पाडून धरून ठेवलं, नाहीतर तेही गेले असते.

आणि तो तिथे होता. ट्रॅक्टरजवळ, हाताची घडी घालून उभा. काठी नव्हती त्याच्या हातात. तोंडाला रुमालही नव्हता. मावशीला मारत होते तेव्हा तो वीस पावलांवर होता. त्याने मान फिरवली. मी ते पाहिलं. हात वर करून तो एक शब्द बोलला असता तरी ती माणसं थांबली असती, कारण त्यातली निम्मी त्याच्या घरची गडीमाणसं होती. पोहरा हातात होता तेव्हा त्याच माणसांनी त्याच्याकडे बघून तोंड बंद ठेवलं होतं ना.

पोलीस दुसऱ्या दिवशी आले. मावशीला बैलगाडीतून फाट्यावर आणि तिथून जीपने परभणीच्या दवाखान्यात नेलं. मी तिच्यासोबत होते. आठ दिवस ती होती. बोलणं समजायचं नाही, फक्त मुलीचं नाव कळायचं. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. तिची जबानी कुणी घेऊ शकलं नाही.

तिच्या दहनाला आमच्या त्या खोलीतले दोघे-तिघे आले. एरवी सगळ्या सभांना येणारे बाकीचे आले नाहीत. रस्ते बंद होते म्हणाले. परभणीतल्या परभणीत.

मी जबानीत त्याचं नाव दिलं. तो हजर होता आणि त्याला सकाळपासून माहीत होतं, एवढंच सांगितलं. त्याने मारलं असं मी म्हटलं नाही, कारण तसं घडलं नव्हतं. दोन दिवसांनी तो प्राध्यापक मला भेटायला आला. आम्ही तेव्हा परभणीत मायच्या बहिणीकडे एका खोलीत दहा माणसं राहत होतो. त्याने शेजारच्या मुलांना बाहेर जायला सांगितलं आणि मग समजावायला लागला. तो आतून आपलाच आहे, म्हणाला. घरच्यांच्या दबावाखाली होता. तरीही जिवावर उदार होऊन सांगायला आला. त्याचं नाव आलं तर विरोधकांना आयतं कोलीत मिळेल, दहा वर्षांची चळवळ बदनाम होईल. शेवटी म्हणाला, "तू भावनेच्या भरात आहेस. व्यापक विचार कर."

माय कोपऱ्यात मावशीच्या मुलीची वेणी घालत होती. ती म्हणाली, "सर, ह्या लेकराला सांगा तुमचा विचार. मंग तिला पटला तर माजी लेक नाव मागं घेईल." प्राध्यापक उठला आणि चहा न घेता गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

मी नाव मागे घेतलं नाही. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. नुसतं उभं राहणं हा गुन्हा होत नाही, असं मला ठाण्यात समजावून सांगण्यात आलं. समजावणारा माणूस सभ्य होता. मला त्याच्या सभ्यपणाचाही राग आला.

दिवाळीनंतर एका मासिकाच्या अंकात त्याची कविता छापून आली. मला ती शाळेत कुणीतरी आणून दिली. ‘माझं घर जळलं’ अशी सुरुवात होती. माझं घर, माझी आई, माझी राख. शेळ्यासुद्धा होत्या तिच्यात. मी ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून वाचली आणि अंक खाली ठेवला. त्याचं घर वरच्या आळीत सिमेंटच्या गच्चीसकट उभं होतं. माझ्या मायची शिलाई मशीन कोळसा झाली होती. एका बाईला मारताना याने मान फिरवली, आणि आता तिच्या शेळ्या त्याला लिहायला हव्या होत्या. त्या कवितेचं फार कौतुक झालं. पुण्याहून कुणीतरी पत्र पाठवून म्हटलं, अशी आच क्वचित येते.

परभणीत एका हॉलमध्ये त्याचं कवितावाचन ठेवलं, तेव्हा मी गेले. मायला सांगितलं नव्हतं. पाठीमागच्या रांगेत बसले. त्याने तीच कविता शेवटी वाचली. आवाज चांगला होता त्याचा, पहिल्यापासूनच. लोक शांत झाले, काही बाया डोळे पुसायला लागल्या. टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले. मी म्हटलं, "सकाळी दहा वाजता तुला माहीत होतं. फाट्यावर जातो म्हणालास. तीन वाजेपर्यंत तू कुठे होतास?"

हॉलमध्ये सगळे मागे वळून बघायला लागले. त्याने मला ओळखलं. त्याने हातातल्या कागदाची घडी केली. मग म्हणाला, "मी घरी होतो. जेवायला बसलो होतो."

एवढंच. मला वाटतं, त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. भावाने अडवलं, गाडीत पेट्रोल नव्हतं, असलं काही तो सांगू शकला असता आणि लोकांनी ते मानलंही असतं. संयोजकांनी घाईने आभार मानले आणि वीज गेल्यासारखा कार्यक्रम संपवला. बाहेर दोन पोरं मला म्हणाली, बाई, तुम्ही कवीचा अपमान केलात.

खटला पुढे दोन वर्षं चालला. वस्तीतल्या साक्षीदारांपैकी बरेच जण फिरले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना त्याच गावात मजुरी करायची होती. दादा फिरले नाहीत. त्यांनी उभं राहून चौदा नावं सांगितली. सगळे त्यांचे विद्यार्थी. आरोपींच्या वकिलाने विचारलं, एवढ्या धुरात, टेकाडावरून, पाठमोरी माणसं तुम्ही कशी ओळखली? दादा म्हणाले, "मी त्यांना पाठमोरंच ओळखतो, साहेब. चार वर्षं माझ्याकडं पाठ करून ते फळ्यावर लिहीत होते." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. पुढे पुराव्याअभावी सगळे सुटले. सुटलेल्यांपैकी तिघे बाहेर येऊन दादांच्या पाया पडायला वाकले. दादा मागे सरले. पाय मागे घेतानाची त्यांची ती हालचाल मी विसरू शकत नाही. आयुष्यभर ज्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांच्यापासून त्यांनी स्वतःला असं वाचवलं.

त्यांनी बदली मागून घेतली आणि गाव कायमचं सोडलं. वस्ती पुन्हा उभी राहिली, आता पत्र्याची. मावशीची मुलगी आमच्याकडे वाढली. ती आज स्वतः शिक्षिका आहे आणि तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, असं ती सांगते. मी तिला खोदून विचारत नाही.

त्याचं पुढे बरंच झालं. संग्रह आला, शिक्षणसंस्था निघाली, गावात सभागृह झालं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय व्हायला आणखी पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ माणसं खर्ची पडली. निर्णय झाला त्या दिवशी त्याने परभणीत पेढे वाटले, असं मी ऐकलं. कुणीतरी माझ्याकडेही एक पेढा घेऊन आलं होतं. कुणाकडून आलाय ते कळल्यावर मी तो दारातूनच परत पाठवला.

नवी पोरं कधी कधी माझ्याकडे येतात. तुमच्या पिढीने केवढी स्वप्नं पाहिली, असं म्हणतात आणि त्या खोलीबद्दल, त्या अंकांबद्दल विचारतात. मी त्यांना चहा देते. अंक माझ्याकडे नाहीत, ते आमच्या घरात होते. स्वप्नांबद्दल बोलायला मला जमत नाही. मी मावशीचं सांगते. तिने खडी फोडली, मुलगी वाढवली, दोन शेळ्या पाळल्या आणि त्यांचं दावं कापायला ती एकटी खाली उतरली. आम्हा सात-आठ जणांत असं खाली उतरणारं कुणी नव्हतं. मीही नव्हते. मी तिचा दंड धरला होता, तो सुटला, आणि मी टेकाडावरच बसून राहिले.